लग्नाच्या लॉनमधलं क्रॅबग्रास आणि विरळ झालेली हरळी : पावसाआधी काय करावं?

वर्धाकाठ

नमस्कार मंडळी. आर्वीजवळ रस्त्याला लागून आमचं छोटं लॉन आहे, लग्नाला-साक्षगंधाला देतो. जागा अर्ध्या एकराच्या आसपास, जमीन काळी, भारी. गवत म्हणजे आपली हरळीच.

तुळशीच्या लग्नापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत तारखा चालू असतात. मंडपाचे खांब, खुर्च्या, दिवसभर अंथरलेले गालिचे, जेवणाच्या टेबलांपुढची रांग. मे संपेपर्यंत स्टेजसमोरचा पट्टा आणि जेवणाची जागा पार उघडी पडते. पाऊस लागला की हरळी तिथे पोचायच्या आत फिकट हिरव्या, रुंद पानाचं गवत भरतं. मधून बुंधा आणि चारी बाजूंनी चांदणीसारखे फाटे, जमिनीला चिकटून. पोळ्याला पाहाल तर दाट गादी दिसते, येणारा-जाणारा म्हणतो लॉन झकास झालं. दिवाळीच्या सुमारास तेच गवत वाळून बसतं आणि हंगामाच्या पहिल्याच लग्नाला नेमके तिथे मातीचे चट्टे.

व्हिडिओंमध्ये याला क्रॅबग्रास म्हणतात आणि उपाय दोन सांगतात : सप्टेंबरात असलेल्या लॉनवरच वरून बी पेरायचं, म्हणजे ओव्हरसीडिंग, आणि वसंतात तण उगवायच्या आधीचं औषध टाकायचं. घरी सोयाबीनचं पेंडीमिथॅलिन पडलेलं आहे, तेही तण उगवायच्या आधी मारायचंच औषध. ते मारून लगेच हरळीचं बी टाकलं तर चालेल का? ज्यांनी खरंच लॉन सांभाळलं आहे त्यांनी सविस्तर सांगावं.

मातीवेडी

दादा, औषधाचं नंतर बोलू, आधी गवताची ओळख पक्की करा. कारण अशा तुडवलेल्या जागेत तीन गवतं एकसारखी दिसतात आणि तिघांचा इलाज वेगळा आहे.

एक फाटा उपटा आणि पान जिथे खोडाला मिळतं तिथून हलकेच मागे ओढा. सांध्यावर कातरलेल्या कडेचा पातळ, पांढुरका पापुद्रा दिसला आणि पानाच्या खालच्या आवरणावर लव असली, तर ते क्रॅबग्रास, म्हणजे डिजिटेरिया. त्याच जागी पापुद्र्याऐवजी बारीक केसांची झालर दिसली तर ती तुमची हरळी. तिसरं एल्युसिन : त्याचा बुंधा चपटा आणि मधोमध पांढरा पडलेला असतो, उपटायला जोर लागतो. एल्युसिन जास्त असेल तर जमीन फार दडपली गेली आहे असं समजा, कारण कडक जमिनीत ते इतर गवतांच्या पुढे जातं.

आणखी एक खूण. क्रॅबग्रास जमिनीवरून पसरतं, पेरापेराला मुळं सोडतं, पण जमिनीखालून धावत नाही. हरळीचे धुमारे खालूनही जातात. म्हणून क्रॅबग्रास उपटून खरंच संपतं. कास्तकाराच्या वावरात हरळी जी डोकेदुखी असते, तीच चिवट हरळी लॉनमध्ये तुमच्या बाजूने आहे.

धुरकरी

दादा, पेंडी मारून वरून बी टाकाल तं बी उगवनारच नाही. त्या औषधाले तुमचं बी अन् तनाचं बी वेगळं कळत नाही. सोयाबीन पेरल्यावर मारतो तं सोयाबीन कसं वाचते? त्याचं दाणं मोठं, खाली दोन इंचावर असते, औषध वरच्या थरात असते. हरळीचं बी तं रव्याहून बारीक, अन् ते वरच टाका लागते. मंग ते कुठून वाचनार?

मातीवेडी

धुरकरी भाऊंनी नेमकं सांगितलं. त्यात एक भर घालते, कारण हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. पेंडीमिथॅलिन उगवणाऱ्या कोंबाच्या मुळाची वाढ थांबवतं. हरळीचा धुमारा उघड्या जागेवर सरकतो तेव्हा पेरापेराला नवीन मूळ खाली सोडतो, आणि ते मूळही त्याच औषधी थरात अडतं. म्हणजे बी टाका किंवा न टाका, चट्टा भरून येण्याचं काम दोन-तीन महिने मंदावतं. लॉन दाट असेल आणि ते नुसतं राखायचं असेल तर हे औषध कामाचं. लॉन विरळ असेल तर तेच औषध आडवं येतं.

शिवाय आपल्याकडच्या डब्याच्या लेबलवर पिकं दिलेली असतात, लॉन दिलेलं नसतं. सोयाबीनची एकरी मात्रा लॉनला तशीच लावू नका.

जर्सीकर

मूळचा हिंगणघाटचा, आता न्यू जर्सीत. इथे घरापुढच्या लॉनसाठी दरवर्षी हेच करतो, त्यामुळे त्या व्हिडिओंमागचं गणित सांगतो. ते गणित इथलं आहे, आर्वीचं नाही.

इथली लॉन टॉल फेस्क्यू, केंटकी ब्लूग्रास, रायग्रास अशा थंडीच्या गवतांची. ती वसंतात आणि शरदात जोमात असतात, भर उन्हाळ्यात मरगळतात. क्रॅबग्रास उलटं, उन्हाळ्याचं. वरच्या दोन इंच मातीचं तापमान काही दिवस सलग १३ अंश सेल्सिअसच्या आसपास राहिलं की त्याचं बी उगवायला लागतं. म्हणून आम्ही एप्रिलमध्ये, पिवळी फोर्सिथिया फुलून गळते त्या सुमारास, उगवणीआधीचं औषध टाकतो. ओव्हरसीडिंग ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत करतो, कारण तेव्हा माती कोमट असते, हवा गार होत जाते, क्रॅबग्रास उतरणीला लागलेलं असतं आणि पहिल्या कडाक्याच्या गोठलेल्या दवाने ते मरतंच. टॉल फेस्क्यूचं बी असलेल्या लॉनवर चौरस मीटरला १५ ते २० ग्रॅम पडतं, आणि गवत उंच ठेवतो, तीन-चार इंच, म्हणजे खाली सावली राहते.

आता हे विदर्भात उचलून ठेवा. तिथे माती कुठल्याही महिन्यात १३ अंशांखाली फारशी टिकत नाही. म्हणजे क्रॅबग्रासला अडवणारी थंडी नाही, पाणी हाच त्याचा इशारा. मृगाचा पाऊस पडला की ते उगवणार. आणि फेस्क्यूचं बी तिथल्या मे महिन्यात ४५ अंशांना टिकणार नाही. वडिलांना घराजवळ लावायचं होतं, मी स्पष्ट नको म्हटलं.

वर्धाकाठ

हे फार कामाचं. म्हणजे सप्टेंबरचा मुहूर्त आपला नाहीच. मग आपला कोणता?

मातीवेडी

तुमचा धंदाच ते सांगतोय. आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी लग्नं नसतात. नेमके हेच चार महिने हरळीच्या वाढीचे आहेत. जमीन गरम, हवेत ओल, पायदळ नाही. पंचांगाने तुम्हाला लॉन दुरुस्तीचा हंगाम मोकळा करून दिलाय, त्यातला एक आठवडाही वाया घालवू नका.

आता क्रमाने सांगते. मोठं होईल, पण अर्धवट सांगून उपयोग नाही.

मे महिन्यात काळ्या जमिनीला भेगा पडतात. त्या तशाच ठेवून बी टाकलं तर बी भेगेत खोल जातं आणि कायमचं जातं. हरळीच्या बीला अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त माती चालत नाही. म्हणून पावसाआधी पूर्ण कुजलेलं, चाळलेलं शेणखत झाडूने भेगांत भरून घ्या. भेग म्हणजे काळ्या मातीने स्वतःहून केलेली खोल मशागत आहे, ती खताने भरली की पुढे मूळ तिथूनच खाली उतरतं. अर्धकच्चं शेणखत मात्र अजिबात नको. ढोराच्या पोटातून काही तणाचं बी जिवंत बाहेर येतं, आणि खड्डा नीट तापला नसेल तर ते तुम्ही स्वतःच्या हाताने लॉनवर पेरता.

जेवणाच्या पट्ट्यात जमीन दडपलेली असेल तर सब्बलीने किंवा काट्याच्या फावड्याने वीतभर अंतरावर भोकं पाडा. हे वाफशावर करायचं. ओल्या काळ्या मातीत सब्बल घातली तर भोकाच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि पाणी आत जात नाही. कोरडी ठणठणीत असताना सब्बल शिरणारच नाही.

पहिला पाऊस झाला की लगेच बी टाकायची घाई करू नका. कोळपणीची सवय असलेल्या माणसाला हे पटेल. आधी तणाला उगवू द्या. आठवड्याभरात उघड्या चट्ट्यांवर क्रॅबग्रासचा हिरवा मिसरूडभर थर दिसेल. तेव्हा खुरप्याने किंवा हातकोळप्याने वरचेवर खरवडा. वरचेवर म्हणजे एका बोटाच्या पेराइतकंही खोल नाही, कारण खोल गेलात की खालचं झोपलेलं बी वर येतं. जमलं तर पुढच्या पावसानंतर आणखी एकदा. वरच्या थरातलं बरंचसं बी असं खर्ची पडलं की मग हरळी.

रानझरी

सोलरायझेशनचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. मे महिन्याचं ऊन हे आपल्याकडचं सगळ्यात स्वस्त तणनाशक आहे. जो भाग पार उघडा आहे आणि जिथे तारखा नाहीत, उदाहरणार्थ स्वयंपाकाची मागची जागा, तिथे एकदा भरपूर पाणी द्या, माती सपाट करा आणि २५ ते ५० मायक्रॉनचं पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीत गाडा. चार ते सहा आठवडे. पारदर्शकच हवं. काळं प्लास्टिक स्वतः तापतं, माती तितकी तापत नाही. पाणीही हवंच, कारण ओल्या मातीत उष्णता खोल जाते आणि ओलं बी कोरड्या बीपेक्षा लवकर मरतं.

मर्यादाही सांगते. वरच्या काही इंचांतलं वर्षायू तणांचं बी मरतं. लव्हाळ्याच्या गाठी खोल असतात, त्या वाचतात. आणि प्लास्टिकखाली चांगली हरळी असेल तर तिचेही वरचे धुमारे जळतात, म्हणून फक्त उघड्या जागेवर. प्लास्टिक काढल्यावर तिथे खोल खणायचं नाही, नाहीतर केलं-सवरलं पाण्यात.

धुरकरी

हे आमी मिरचीच्या रोपाच्या वाफ्याले करतो. तनही कमी येते अन् रोपं मरही कमी खातात. लॉनवर कधी सुचलं नोतं.

वर्धाकाठ

मागची जागा मेमध्ये मोकळी असते, तिथे नक्की करतो. स्टेजसमोर तारखा आहेत, तिथे खरवडायची पद्धत. पण ताई, बी टाकायचं की बेणं लावायचं?

मातीवेडी

बेणं. बी मिळतं, चौरस मीटरला ५ ते १० ग्रॅम लागतं, ऊबदार ओल्या मातीत एक-दोन आठवड्यांत उगवतंही. पण जुलैच्या एका धुवांधार पावसात ते उतारावर वाहून एका कोपऱ्यात गोळा होतं. शिवाय क्रॅबग्रासचा कोंब हरळीच्या कोंबाच्या कितीतरी आधी जागा घेतो. बेण्याला आधीच अंगात साठा असतो, ते लवकर धावतं.

दोन पद्धती आहेत. एक टोकण : मुळं असलेले धुमारे चार-सहा इंचांवर, दोन पेरं मातीत आणि शेंडा वर. मजूर जास्त लागतो, पण पक्कं. दुसरी लेपाची : धुमारे दोन-तीन इंचांचे तुकडे करून माती आणि शेणाच्या घट्टसर काल्यात कालवायचे आणि खरवडलेल्या, ओल्या चट्ट्यावर इंचभर जाडीने थापायचे. लेप वाळू द्यायचा नाही. लहान लहान चट्टे असतील तर मला लेप आवडतो, कारण तो उघड्या मातीला झाकतो, आणि क्रॅबग्रासच्या बीला उगवायला उजेड आणि मोकळी जागा लागते.

पाण्याबद्दल एक सांगते. नवीन लावणीला पहिले काही दिवस थोडं थोडं, वारंवार पाणी लागतं. ती एकदा धरली की पद्धत उलटी करायची : उघडीप पडली तरच, पण खोलवर. रोज संध्याकाळी नळीने वरवर शिंपडणं म्हणजे क्रॅबग्रासच्या उथळ बीची सोय.

गुरुजी गोंदिया

आमच्याकडे जमीन हलकी, पिवळसर, धानाची. शाळेच्या मैदानाचा एक कोपरा मुलांनी हिरवा केला आहे, त्यावरून दोन गोष्टी.

हलक्या जमिनीत भेगांचा प्रश्न नाही, पण ओल टिकत नाही आणि नत्र धुऊन जातं. हरळी पिवळी पडली की क्रॅबग्रासला मोकळं रान. जुलै-ऑगस्टमध्ये चौरस मीटरला १० ग्रॅमच्या आसपास युरिया, माती ओली आणि पानं कोरडी असताना, महिन्यातून एकदा. शंभर चौरस मीटरला किलोभर, एवढंच. पानं ओली असताना टाकलं तर डाग पडतात.

दुसरं कापणीचं. हरळी दीड इंचावर ठेवली तर दाटते. जमिनीलगत सपाट भादरली की माती उघडी पडते. क्रॅबग्रासला मात्र खूप बुटकं कापलं तरी ते आडवं पडून तुरा काढतं, त्यामुळे कापून ते संपेल ही आशा सोडा. एका वेळी पानाच्या उंचीचा तिसरा हिस्साच कापायचा. तुरे आलेलं गवत कापलं तर ते वेचून लॉनबाहेर न्या.

वऱ्हाडवाट

कृषी केंद्रात मला टू-फोर-डी हे तणनाशक घ्या म्हणाले. कोणी वापरलंय?

धुरकरी

नोका हो! एक तं ते रुंद पानाच्या द्विदल तनावर चालते, गाजर गवतासारख्या. क्रॅबग्रास हे गवतच, त्याले काही होत नाही. अन् दुसरं, बाजूले कोनाची पऱ्हाटी असन तं वाऱ्यानं नुसता वास गेला तरी पानं भेंडीच्या पानावानी चिरून, आखडून जातात. त्या पंपात पुन्हा दुसरं औषध भरून पऱ्हाटीवर मारलं तरी तेच. वर्धा-यवतमाळात लॉनच्या कुंपणापल्याड कापूसच असते.

मातीवेडी

पूर्ण सहमत. याच ओघात सोयाबीनमधली तणनाशकंही. क्विझालोफॉप किंवा इमॅझेथापायर घरात असतं म्हणून लॉनवर मारायचा मोह होतो. क्विझालोफॉप गवतवर्गालाच मारतं, त्यात तुमची हरळीही आली. ग्लायफोसेट तर सगळंच जाळतं. लव्हाळा जास्त असेल तर त्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन नावाचं वेगळं औषध आहे, ते ऊस-मक्यात वापरतात. क्रॅबग्राससाठी ते नाही.

आणि जे काही फवाराल ते हातमोजे, तोंडाला मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे घालून, सकाळी वारा नसताना. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. आपल्या भागात हे कुणाला वेगळं सांगायची गरज पडू नये, पण लॉनवर लहान मुलं अनवाणी धावतात, लोक खाली बसून जेवतात. अर्ध्या एकरासाठी माझं मत तरी रसायनाच्या विरुद्धच.

वऱ्हाडवाट

मग ढेप? कुठेतरी वाचलं होतं की मक्याचं ग्लूटेन टाकलं की तण उगवत नाही. आपल्याकडे सरकीची ढेप भरपूर.

जर्सीकर

मक्याच्या ग्लूटेनचं काम आयोवा स्टेट विद्यापीठात झालेलं आहे, ते उगवत्या कोंबाचं मूळ रोखतं. पण मात्रा फार मोठी, चौरस मीटरला १०० ग्रॅमच्या आसपास, आणि पाऊस जास्त झाला की परिणाम पातळ होतो. विदर्भाच्या जुलैत त्यावर भरवसा ठेवू नये. तेही बी टाकायच्या वेळी चालत नाहीच. सरकीच्या ढेपेला हा गुण नाही, ती नुसती नत्र देते. ढोरांना घाला, ते बरं.

वर्धाकाठ

आज सकाळी ताईंनी सांगितलेली खूण करून पाहिली. पाण्याच्या टाकीजवळ सांडपाण्यावर काही झाडं आत्ताच, एप्रिलमध्ये, उगवलेली आहेत. पापुद्रा स्पष्ट दिसला, आवरणावर लव आहे. दोन हात पलीकडे हरळी, तिला केसांची झालर. मुलीलाही दाखवलं, तिने लगेच स्वतःहून चार झाडं वेगळी करून दिली. स्टेजसमोर मात्र मागच्या वर्षीचे वाळके बुंधे चपटे आहेत, म्हणजे तिथे एल्युसिन निघालं. तिथे आधी सब्बल.

आता निंदणाचं विचारतो. बाया कधी लावू?

रानझरी

पोळ्याच्या आत. तुरा निघाला की उशीर झाला समजा. एका मोठ्या, मोकळ्या वाढलेल्या झाडाला दीड लाखापर्यंत बी धरू शकतं आणि ते मातीत काही वर्षं जिवंत राहतं. म्हणून पहिला हात जुलैमध्ये, झाड तीन-चार पानांवर असताना, आणि दुसरा ऑगस्टमध्ये. पाऊस पडून गेल्यावर, माती मऊ असताना, बुंधा धरून सरळ वर ओढायचं. फाट्यांची पेरं मुळावलेली असतील तर खुरप्याने तीही सोडवायची.

उपटलेलं गवत तुऱ्याआधीचं असेल तर ढोरं आवडीने खातात, चांगला चारा आहे. लॉनवर काही फवारलं असेल तर मात्र घालू नका.

आणि उपटल्यावर जो खळगा राहतो त्यात त्याच दिवशी हरळीचा एक धुमारा खोचा. निंदणाऱ्या बाईच्या टोपलीत एका बाजूला तण, दुसऱ्या बाजूला बेणं. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त फरक या एका सवयीने पडला. रिकामी जागा राहिली की ते परत येतं.

जर्सीकर

हिवाळ्यात लग्नांसाठी एकदम गडद हिरवं हवं असेल तर हरळीवर रायग्रासचं बी टाकतात, गोल्फच्या मैदानांवर ही जुनी रीत आहे. नोव्हेंबरमध्ये, चौरस मीटरला ३५ ते ५० ग्रॅम, आठवड्या-दीड आठवड्यात उगवतं. पण एप्रिलच्या उन्हात ते जातं आणि तोवर हरळीचं पाणी-अन्न खाऊन तिची वसंतातली वाढ लांबवतं. आधी हरळी दाट होऊ द्या, मग विचार करा.

मातीवेडी

बरोबर. या वर्षी तरी रायग्रास नको.

वर्धाकाठ

नाहीच टाकत. शेवटचा प्रश्न, बेणं कुठून आणू? नर्सरीवाला महाग सांगतो. वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, हरळी भरपूर आहे.

धुरकरी

धुऱ्याचीच घ्या, ते आपल्या मातीत मुरलेली. फक्त काढतानी लव्हाळा पाहून घ्या. त्याची काळी गाठ मुळीत अडकून येते अन् मंग लॉनमंदी जन्मभर निंदत बसा. धुमारे पान्यात झटकून धुवा, माती सारी जाऊ द्या, गाठ दिसली का तोडून फेका. अन् धुऱ्यावर कोनी तननाशक मारलं असन तं तिथली हरळी घेऊ नोका.

मातीवेडी

आणि काढल्या दिवशीच लावा. ओल्या पोत्यात गुंडाळून सावलीत ठेवलं तर दुसऱ्या दिवसापर्यंत चालतं, त्यापुढे नाही.